शेरा : ठीक

१ डिसेंबर, सोमवार

ही वही फुकट मिळाली. मुखपृष्ठावर सूर्यफूल आहे आणि त्याखाली ‘माझा आनंद’ असं छापलंय. सकाळी ठाण्याला हेड ऑफिसात शिबिर होतं. विषय : वर्षअखेरीला कर्मचाऱ्यांचा उत्साह कसा टिकवावा. नयन नावाचे ट्रेनर पुण्याहून आले होते. त्यांनी आम्हा समन्वयकांना दोन तास उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या, एकमेकांच्या पाठीवर थाप मारायला लावली आणि शेवटी वह्या वाटल्या. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, एकतीस तारखेपर्यंत.

पहिल्या पानावर तीन रेघा आहेत : नाव, पद, ध्येय. नाव महेंद्र. पद डोंबिवली केंद्राचा समन्वयक. तिसरी रेघ मोकळी सोडली.

आजच्या तीन चांगल्या गोष्टी. एक, वडापाव गरम होता. दोनसाठी बराच वेळ विचार केला. दोन नाही.

शिबिर संपल्यावर सोनल मॅडमनी मला बाजूला घेतलं. त्या संस्थेच्या संचालक, वयानं माझ्याहून लहान, पण हुशार आणि मनानं वाईट नाहीत. म्हणाल्या, “महेंद्र, दिवाळीला तुमच्याकडचे दोघं सोडून गेले. आता चौघं उरलेत. चाराचे तीन झाले तर दिव्याचं काम बंद करावं लागेल, ट्रस्टींनी स्पष्ट सांगितलंय. एकतीसपर्यंत चौघांना धरून ठेवा. उत्साही ठेवा त्यांना.”

डोंबिवलीजवळच्या दिवा गावात आमची अडतीस घरं आहेत. अडतीस घरांत अडतीस माणसं अंथरुणाला खिळलेली. आमची माणसं आठवड्यातून दोनदा जातात, आंघोळ घालतात, पाठीच्या जखमा पुसतात, हातपाय हलवून घेतात. तेवढा तासभर घरातल्या बाईला दळण आणायला, टँकरच्या रांगेत उभं राहायला मोकळीक मिळते. काम बंद झालं तर तो तास जाईल. हे मला कळतं. पूर्वी असं काही कळलं की रात्री झोप यायची नाही.

मॅडमना म्हटलं, ठीक आहे.

३ डिसेंबर, बुधवार

तारे आणले. नयन सरांनी सांगितलेली योजना : भिंतीवर तक्ता, चौघांची नावं, आठवड्याच्या सगळ्या भेटी पूर्ण केल्या की एक सोनेरी तारा. महिनाअखेरीला ज्याचे तारे जास्त त्याचा ठाण्याला, ट्रस्टींसमोर सत्कार.

आमचं ऑफिस म्हणजे डोंबिवली पूर्वेला तळमजल्यावरचा एक गाळा. दारात चपला, आत एक टेबल, एक कपाट, डायपरचे खोके. तक्ता लावायला भिंत रिकामी नव्हती, म्हणून पाण्याच्या पिंपाच्या वर लावला.

मयूर म्हणाला, “सर, हे बालवाडीत असतं ना? आमच्या भाचीला पण भेटतात.” तो व्यायाम घेतो, पेशंटना हसवतो, तेवीस वर्षांचा आहे. दर्शनानं तक्त्याकडे पाहिलं आणि डब्यातली चपाती मोडली. रसिका पिशवीत बँडेज भरत होती. मंजुळाताई म्हणाल्या, “सर, तारा नको, त्यापेक्षा हातमोजे द्या. मागचे फाटतायत.”

मंजुळाताई अकरा वर्षं आहेत इथे, माझ्यापेक्षा तीनच कमी. बावन्न वय, गुडघे दुखतात, तरी दिव्यातले जिने तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत चढतात. भेटीच्या रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना आहे ‘शेरा’. त्या तिथे बहुतेकदा एकच शब्द लिहितात : ठीक. खरं तर ताप-जखम असं काही नसेल तर सगळेच तेच लिहितात. कुणाचं काय चाललंय विचारलं की ठीक. मीही प्रत्येक पानाखाली सही करताना वाचत नाही. वाचण्यासारखं असतं काय त्यात.

६ डिसेंबर, शनिवार

दरवर्षी आजच्या दिवशी आम्ही तिघं, मी, बायको आणि मुलगी, दादरला जातो. चैत्यभूमीच्या रांगेत पाच-सहा तास गेले तरी पाय दुखल्याचं मला कधी आठवत नाही. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून जायचो.

यंदा गेलो नाही. स्वप्ना आणि संघमित्रा पांढऱ्या साड्या नेसून दारात उभ्या होत्या. संघमित्रा पहिल्यांदाच साडी नेसली होती. म्हटलं, तुम्ही जा. स्वप्नानं विचारलं, बरं वाटत नाहीये का? तसं काही नव्हतं. ताप नव्हता, काही दुखत नव्हतं. दिवसभर खुर्चीत बसलो होतो आणि कशाचंही वाईट वाटलं नाही. तेच जरा विचित्र आहे.

११ डिसेंबर, गुरुवार

आज दिव्यात तपासणी. महिन्यातून एकदा समन्वयकानं घरोघर जाऊन कामाचा दर्जा पाहायचा, आणि तेही कार्यकर्ते नसतील त्या वारी, असा नियम आहे. अकरा घरं केली. हातात फॉर्म : स्वच्छता, जखमा, कुटुंबाचं समाधान, शेरा.

लिहून ठेवण्यासारखं एकच घर. धोंडिबा आजोबा, तीन वर्षांपासून अर्धांगवायू, साताऱ्याकडचे. मुलगा सुरतेला. घरात त्यांची बायको सखुबाई आणि ते. मंजुळाताईंचं घर. दारातच बरं वाटलं. खाट बाहेर गॅलरीत उभी करून ठेवलेली, गादी कठड्यावर उन्हात घातलेली. इतकी काळजी कोण घेतं? आत औषधाचा, लघवीचा, कसलाच वास नाही. असा वास नसलेली खोली मी या कामात पाहिलेली नाही. जमीन पुसलेली. भिंतीत नवा खिळा ठोकलेला. म्हटलं, आजी, कॅलेंडर लावायचंय का? म्हणाली, “न्हाई, फोटू दिलाय मोठा कराया. यील शुक्करवारी.”

विचारलं, आजोबा कसे आहेत? आजी जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आता त्यास्नी काय तरास न्हाई.”

आतल्या खोलीचा पडदा ओढलेला होता. झोपलेत म्हणून मी आत डोकावलो नाही, उगाच उठवायचं कशाला. पुढची सात घरं राहिली होती. फॉर्म भरला. स्वच्छता : उत्तम. त्रास : नाही. शेरा : ठीक. चहा दिला, तो प्यायलो. साखर होती की नव्हती आठवत नाही.

मंजुळाताईंच्या नावापुढे जादा तारा लावायचं ठरवलं.

१३ डिसेंबर, शनिवार

रसिकाला घोडबंदर रोडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी मिळतेय. दर्शनाकडून कळलं. रसिका सत्तावीसची आहे, नर्सिंग केलंय, तिला तिथे एसी वॉर्ड आणि युनिफॉर्म मिळेल. तिनं जाऊ नये असं म्हणायला माझ्याकडे एकही मुद्दा नाही. पण ती गेली की चाराचे तीन.

तिला थांबवून चहा पाजला. नयन सरांच्या कागदावरचे प्रश्न विचारले : तुला कामात सर्वांत जास्त समाधान कधी मिळालं? ती म्हणाली, “सर, खरं सांगू? मागच्या आठवड्यात माझे दोन पेशंट गेले. कामत आजोबा सोमवारी, आगासन गावातल्या मावशी गुरुवारी. शुक्रवारी तुम्ही मला तारा दिलात.”

“भेटी पूर्ण होत्या ना तुझ्या,” मी म्हटलं.

“हो, होत्या.” मग कपाकडे बघत म्हणाली, “मला ना, एकदा फक्त कामत आजोबांच्या घरी जाऊन यायचंय. दोन वर्षं त्यांना जेवण भरवलं मी. त्यांच्या सूनबाईंशी बोलायचंय थोडं.”

मी म्हटलं, अगं, वेळ कुठे आहे आता महिनाअखेरीला. रुग्ण गेला की नाव वगळतो आपण, त्या जागी नवीन घर येतं, आजपर्यंत तसंच चालत आलंय. हे सगळं खरंच होतं. तिनं मान हलवली आणि कप धुऊन ठेवला.

तिला थांबवण्यासाठी काय करावं ते सुचत नाही. एखादी छोटी भेटवस्तू द्यावी का?

१६ डिसेंबर, मंगळवार

काही नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

संघमित्राला कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस. घरी आल्यावर तिनं भाषण पुन्हा म्हणून दाखवलं, हॉलमध्ये, चमचा माइकसारखा धरून. मी टाळ्या वाजवल्या. शिबिरात शिकवल्या तशा, डोक्याच्या वर हात नेऊन. ती थांबली आणि म्हणाली, “पप्पा, तुम्ही ऐकत होतात?” मी हो म्हटलं. विषय कोणता होता ते मात्र तिनं विचारलं नाही, ते बरं झालं.

जेवताना स्वप्ना म्हणाली, वांग्यात मीठ टाकायलाच विसरले, तू काही बोलला कसा नाहीस? मला कळलंच नव्हतं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शाळेत शिकवून शिकवून तिला माणसांकडे असं बघायची सवय लागली आहे.

चौघांचा उत्साह मात्र आता बरा वाटतो. मयूरला दोन तारे, दर्शनाला एक, रसिकाला दोन. मंजुळाताईंना जादाचा धरून तीन.

२० डिसेंबर, शनिवार

सोनल मॅडमचा फोन. एकतीसच्या कार्यक्रमात व्हिडिओ दाखवायचाय, देणगीदार असणार आहेत. मंजुळाताईंचा एक दिवस. एका रुग्णाच्या घरी जातायत, आंघोळ घालतायत, आजोबा हसतायत, असं. कॅमेरावाले मंगळवारी येतील.

“मी स्वतः रजिस्टर बघितलं,” मॅडम उत्साहानं सांगत होत्या. “दिव्यातले धोंडिबा आजोबा घ्या. सगळ्यांची तब्येत वरखाली होतेय, कुणाला ताप, कुणाची जखम चिघळलेली. हे एकच असे आहेत की दीड महिना प्रत्येक भेटीला ठीक. तुम्हीही अकरा तारखेला ठीकच लिहिलंय. चांगल्या सेवेचं उदाहरण आहे हे.”

मला वर्षात पहिल्यांदा हेड ऑफिसकडून शाबासकी मिळाली. म्हटलं, ठीक आहे.

२२ डिसेंबर, सोमवार

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी मंजुळाताईंना व्हिडिओचं सांगितलं. त्या डायपर मोजत होत्या, त्या मोजतच राहिल्या. म्हणाल्या, “दुसरं घर घ्या सर. पाटीलबुवांचं घ्या. ते बोलतात पण छान.” मी म्हटलं, मॅडमनी धोंडिबा आजोबाच सांगितलेत. ताईंनी हातातलं पाकीट खाली ठेवलं आणि दार लोटून घेतलं.

“सर, ते नाहीत.”

“कुठे गेलेत? सुरतेला?”

“वारले. नऊ नोव्हेंबरला. रविवार होता.”

मी रजिस्टर उघडलं. बारा नोव्हेंबर, ठीक. पंधरा, ठीक. एकोणीस, ठीक. प्रत्येक ठीकच्या खाली माझी सही.

ताई उभ्या राहूनच सांगत होत्या. “मी बुधवारी गेलेली नेहमीसारखी, तर खाट रिकामी. आजी म्हणाली, गेले. रडत नव्हती. तिनं आंघोळीसाठी बादली भरून ठेवलेली. तिकडे टँकर दोन दिवसांनी येतो, तुम्हाला माहितीय. मला म्हणाली, आता या पाण्याचं काय करू? मी म्हटलं, आजी, बसा इथं. तिचं डोकं धुतलं त्या पाण्यानं, वेणी घातली. मग म्हणाली, शनिवारी येशील ना? मी हो म्हणून बसले.”

“आणि तेव्हापासून?”

“तेव्हापासून जाते. बुधवार-शनिवार. ती पाणी भरून ठेवते. वारले असं लिहिलं की नाव जातं. नाव गेलं की त्या वेळेत दुसरं घर लागतं. मग जायचं कसं? म्हणून ठीक लिहिलं. आजीला मीच सांगितलं, ऑफिसचं कुणी आलं तर म्हण, आता त्यांना त्रास नाही. खोटं तर नाही ना ते.”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उन्हातली गादी, उभी केलेली खाट, फोटोसाठी खिळा. ओढलेल्या पडद्यामागे कुणी नव्हतंच. वास नव्हता, कारण माणूसच नव्हता. आणि मी तिथे उभा राहून स्वच्छता उत्तम असं लिहिलं. मेलेल्या माणसाच्या घरात उभा राहून मी त्याच्या बायकोला विचारलं, कॅलेंडर लावायचंय का.

मला राग यायला हवा होता, ताईंचा नाहीतर स्वतःचा. मी रागाची वाट बघत बसून राहिलो. ताई म्हणाल्या, “सर, काढणार असाल तर सांगा, मी रडणार नाही. पण दिवा बंद होईल ना मी गेले तर? ते तेवढं बघा.”

खोटी नोंद केली तर त्या माणसाला त्याच दिवशी कामावरून काढायचं, असं आमच्या नियमांत आहे. ताई गेल्या की तीन उरतात. तीन उरले की दिवा बंद.

२३ डिसेंबर, मंगळवार

कॅमेरावाल्यांना फोन करून येऊ नका म्हटलं. कारण दिलं, पाणी नाही. दिव्यात हे कारण कुणीही मान्य करतं.

दिवसभर या वर्षाची सगळी रजिस्टरं काढून बसलो. ज्या नावांवर लाल पेनानं ‘वगळले’ लिहिलंय ती मोजली. सतरा. कुणाकडे आम्ही दोन वर्षं गेलो, कुणाकडे चार, आणि त्यांपैकी एकाच्याही घरी नंतर कुणी गेलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दुसरं घर. वगळले हा शब्द मीच सुरू केला होता. पूर्वी ‘मृत्यू’ लिहायचे, तो वाचवत नाही असं दर्शना म्हणाली, म्हणून बदलला. तेव्हा मला ते फार समजूतदारपणाचं वाटलं होतं.

जुनी रजिस्टरं कपाटाच्या वर आहेत. चौदा वर्षांची. ती काढली नाहीत.

२४ डिसेंबर, बुधवार

ठाण्याला गेलो. टेंभी नाक्यावरून चालत जाताना दोनदा वाटलं, परत फिरावं.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाल्या, “महेंद्र, वाईट मलाही वाटतंय. पण खोटी नोंद ती खोटी नोंद. उद्या कुणी म्हणेल, संस्था मेलेल्या लोकांच्या नावावर भेटी दाखवते. ताईंना थांबवावं लागेल.”

मी म्हटलं, “मग आधी मला थांबवा. ताईंनी ज्या घरी जाते म्हणून लिहिलं तिथे त्या खरंच जात होत्या. मी तिथे गेलो, चहा प्यायलो आणि माणूस आहे की नाही ते बघितलं नाही. खोटी नोंद कुणाची जास्त मोठी?”

हे मी मोठ्यानं म्हणालो असणार, कारण बाहेरच्या टेबलावरचं टायपिंग थांबलं. मला स्वतःला तसं काही जाणवलं नाही.

मॅडमनी पाणी मागवलं. मग विचारलं, “तुम्ही सुट्टी कधी घेतली होतीत शेवटची?” विषय सोडून हे काय मधेच, मला कळलं नाही. म्हटलं, आठवत नाही.

शेवटी ठरलं ते असं. ताईंना आणि मला लेखी समज. सत्कार रद्द. एकतीसपर्यंत यादी दुरुस्त करून द्यायची, यादीत फक्त रुग्ण असतील. चौघं टिकले तर दिवा मार्चपर्यंत चालू. निघताना मॅडम म्हणाल्या, “रुग्ण नसलेल्या घरी जाता येणार नाही, महेंद्र. आजींचं मला कळतं. पण फॉर्ममध्ये काय त्रास आहे ते लिहावं लागतं.”

२६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी तक्ता काढून टाकला. भिंतीवर सोनेरी तारा एक चिकटून राहिला, नखानं खरवडला.

चौघांना बसवून सांगितलं, मंजुळाताईंचं आणि माझंही. कुणी चकित झालं नाही. मयूर म्हणाला, “आम्हाला माहीत होतं सर. ताईंनी नाही सांगितलं, पण बुधवारी त्या दिव्याला जाताना खोबरेल तेल घेऊन जायच्या. आजोबांना तर टक्कल होतं.” म्हणजे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. दर्शना हळूच म्हणाली, “तुम्हाला कशाला अजून त्रास द्यायचा म्हणून नाही बोललो.”

अजून म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

मग सतरा नावं वाचून दाखवली. प्रत्येकाला विचारलं, यातल्या कुणाच्या घरी जायचंय? नवीन वर्षापर्यंत दुपारच्या भेटी बंद, त्या वेळात जा. वाटलं होतं, एखाद-दुसरा हात वर होईल. चौघांनी मिळून बारा घरं घेतली. दर्शना एका घराचं नाव सांगताना मधेच थांबली आणि मयूरनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, त्या शिबिरातल्या थापेपेक्षा फार वेगळा.

रसिका तेव्हाच पर्स उचलून निघाली.

२७ डिसेंबर, शनिवार

रसिका दुपारी आली. डोळे सुजलेले. कामतांच्या घरी दोन तास बसली होती. सूनबाईंनी आजोबांची वाटी तिला दिली, ज्यातून ती त्यांना पेज भरवायची ती. “त्या म्हणाल्या, आम्हाला वाटलं तुम्ही लोक विसरलात,” रसिका म्हणाली. “सर, मी एवढी रडले ना की त्यांनाच मला पाणी द्यावं लागलं.”

तिनं वाटी टेबलावर ठेवली, मग पुन्हा उचलून पर्समध्ये टाकली.

“मी हॉस्पिटलला मार्चपर्यंत जमणार नाही कळवलंय. मार्चनंतरचं मार्चमध्ये बघू.”

म्हणजे चौघं टिकले. दिवा राहिला. महिनाभर ज्याच्यासाठी तारे चिकटवले ते एका शनिवारच्या दुपारी आपोआप झालं, आणि त्यात मी काय केलं म्हणावं तर एक नकार दिला होता तो मागे घेतला. आनंद व्हायला हवा होता. मी खुर्चीत बसलो आणि तिला म्हणालो, ठीक आहे. ती माझ्याकडे बघून हसली, पण लहान मुलाकडे बघून हसतात तसं.

२९ डिसेंबर, सोमवार

यादी दुरुस्त केली. धोंडिबा, मृत्यू, ९ नोव्हेंबर. लाल पेन वापरलं नाही, निळ्यानंच लिहिलं. आता उरतात सखुबाई. त्यांच्याकडे जायचं तर रुग्ण म्हणून त्यांचंच नाव यादीत हवं, आणि त्रासाच्या रकान्यात काहीतरी.

मंजुळाताई म्हणाल्या, “गुडघे लिहू या, सर. या वयात सगळ्यांचे दुखतात.” मी म्हटलं, ताई, आता खोटं नको. त्या म्हणाल्या, “मग चला आणि विचारा तिलाच.”

बुधवारी जायचं ठरलं.

३१ डिसेंबर, बुधवार

ठाण्याचा कार्यक्रम चार वाजता होता. मी गेलो नाही. मॅडमना कळवलं होतं, त्यांनी ‘हरकत नाही’ असं उत्तर पाठवलं.

सकाळी अकराला मी आणि मंजुळाताई दिव्याला. मला आजीसमोर उभं राहायची लाज वाटत होती. जिन्यातच म्हटलं, ताई, तुम्ही बोला. त्या म्हणाल्या, “मी डोकं धुते, बोलायचं काम तुमचं.”

भिंतीवर आजोबांचा फोटो लागला होता. दाराशी भरलेली बादली. मी आधी माफी मागितली. आजी, मी त्या दिवशी आलो आणि मला काही दिसलं नाही. आजी म्हणाली, “मला दिसत हुतं की तुमास्नी दिसत न्हाई. म्हनून तर च्या दिला.”

ताईंनी तिला स्टुलावर बसवून केस सोडले. मी जमिनीवर बसून फॉर्म भरायला घेतला. नाव, वय एकाहत्तर, घरात कोण, पाणी किती दिवसांनी. मग पुढचा रकाना. विचारलं, “आजी, तुम्हाला काय होतंय?”

“मला काय होतंय? काय होत न्हाई.”

ताई म्हणाल्या, “आजी, नीट सांगा. लिहायचंय त्यांना.”

“अगं नीटच सांगती. खरंच काय होत न्हाई. हे गेले तवा रडू यील म्हनलं, आलं न्हाई. भूक लागत न्हाई, घास गिळला तर गिळला. टीवी लावती, त्यो काय बोलतोय कळत न्हाई. ल्योक फोन करतो, त्याच्याशी हासून बोलती, पर आत काय हालत न्हाई. दुखत बी न्हाई कुटं. दुखलं असतं तर बरं झालं असतं. दीस उगवतो, मावळतो, आनि मला काय होतच न्हाई.”

ताई पाणी ओतायच्या थांबल्या. मी पेन टेकवून बसलो होतो. शेवटी ती म्हणाली तसंच लिहिलं. त्रास : काही होत नाही.

त्याच्या पुढचा रकाना छापलेला आहे, किती दिवसांपासून. विचारलं, “आजी, किती दिवस झाले असं होतंय?”

“हे गेल्यापासनं,” ती म्हणाली. मग ओल्या केसांतून मान वळवून माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी दारात बघितलं होतं तसंच, पण या वेळी मी नजर काढून घेतली नाही. म्हणाली, “आनि तुमास्नी कवापासनं हाय?”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी तांब्या बादलीत बुडवून तसाच धरून ठेवला. मी काहीतरी विनोद करून सुटू शकलो असतो.

“पावसाळ्यापासून,” मी म्हणालो.

फॉर्मवर एक थेंब पडला, मला वाटलं आजीच्या केसांतला. आजी म्हणाली, “मंजुळे, ह्यांचं बी डोकं धू गं. पानी हाय.” ताई हसल्या, मीही हसलो, आणि मग मला ते हसणं थांबवता येईना. ते हसणं नव्हतं. सखुबाई स्टुलावरून उठली, ओला पंचा माझ्या खांद्यावर टाकला आणि म्हणाली, रडा, इथं कोन लिवून घेत न्हाई.

आता संध्याकाळचे सात वाजलेत. पावसाळ्यापासून हे मला होतंय, आणि मी ते दिव्यातल्या एका म्हातारीला सांगितलं, घरात कुणाला नाही. स्वप्ना स्वयंपाकघरात आहे, भाकरी थापल्याचा आवाज येतोय. तिला हे वही वाचून कळायला नको. उठतो.